भोर-वेल्ह्याचे घाट, सायकलस्वार आणि आपले औषधांचे कपाट

गेल्या दहा-बारा वर्षांत भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन डोंगरी तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे एक नवा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. वय पंचवीस ते पंचावन्न, अग्नी उत्तम, निद्रा गाढ, व्यसन नाही, मधुमेह-रक्तदाबाची तक्रार नाही. आणि तरीही सोमवारी सकाळी तो लंगडत दवाखान्याची पायरी चढतो. भातलावणीने कंबर धरलेला शेतकरी, संधिवाताची आजी, कावीळ झालेला विद्यार्थी या आमच्या नेहमीच्या रुग्णांच्या ओळीत तो वेगळा उठून दिसतो. त्याच्या तळहाताला घट्टे पडलेले असतात, मांड्या पैलवानाच्या असतात आणि चेहरा उन्हाने अर्धाच रापलेला असतो. हा हौशी सायकलस्वार होय.

आपल्या नियतकालिकात या विषयाला जागा का द्यावी, असा प्रश्न काही वैद्यबंधूंना पडेल. तो रास्त आहे. लेखाच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर येईल आणि ते प्रामुख्याने औषध-दुकानदार बांधवांसाठी आहे. परंतु हा माणूस रस्त्यावर काय करतो हे समजल्याशिवाय त्याला काय द्यावे आणि काय देऊ नये हे कळणार नाही; म्हणून आधी रस्त्याविषयी.

पुण्याहून निघालेल्या सायकलस्वारांच्या तुकड्या रविवारी पहाटे कात्रज ओलांडून खेड-शिवापूरमार्गे आमच्याकडे येतात. यांतले कोणी संगणक अभियंता, कोणी बँकेत, कोणी शिक्षक, एखादा किराणा दुकानदारही असतो. अलीकडे भोर, नसरापूर, वेल्हे येथील स्थानिक तरुणही जुन्या बाजारातून घेतलेल्या गिअरच्या सायकलींवर त्यांच्यात सामील होऊ लागले आहेत. मंडळाचा अलिखित नियम असा, की सर्वांत मागच्याला एकटे सोडायचे नाही. घाटमाथ्यावर पोचलेले पुढचे स्वार चहा घेत थांबतात आणि शेवटचा दिसला की टाळ्या वाजवतात. हा नियम मला त्यांच्या महागड्या सायकलींपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

त्यांच्या आवडीच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली खडकवासल्याकडून खानापूरमार्गे पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरणारी. चढ फार लांब नाही, पण उभा आणि वळणावळणाचा. सायकलस्वार या घाटाचे नाव जरा दबक्या आवाजात घेतात. माथ्यावर तोरण्याचे प्रथम दर्शन होते आणि तेथे छायाचित्र काढण्याच्या मिषाने सर्वजण श्वास परत मिळवतात. वेल्ह्यातून मार्गासनी, आंबवणे, नसरापूर करीत महामार्गाला लागले की वर्तुळ पूर्ण होते. ज्यांना हौस अधिक ते वेल्ह्याहून पुढे केळदच्या मढे घाटापर्यंत जातात. तेथे रस्ता कोकणाच्या कड्यापाशी येऊन थबकतो. दुसरी वाट भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडून वाईला जाणारी. आणि तिसरी, सर्वांची परीक्षा पाहणारी, वरंध घाटाची.

वरंध घाटाविषयी नवख्यांची हटकून फसगत होते. भोर सोडले की नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने चाळीसएक किलोमीटर रस्ता चढउतार करीत हलके हलके वर जातो. हिरडस मावळाचा हा भाग. नावाचा संबंध हिरड्याशी जोडला जातो, त्यामुळे वैद्याने या वाटेने जाताना थोडी मान लवलेली बरी. वाघजाईच्या मंदिरापाशी गरम भजी मिळतात, माकडे पिशव्या पळवतात, आणि स्वाराला वाटते की घाट झाला. प्रत्यक्षात घाट अजून सुरूच झालेला नसतो. खाली महाडच्या बाजूला उतरले, की जवळजवळ समुद्रसपाटीवरून पुन्हा माथा गाठावयाचा असतो, तोही दमट उष्म्यात, दुपारच्या वेळी, अर्धे बळ आधीच खर्ची पडलेले असताना. माझ्याकडे येणाऱ्या वरंधच्या बहुतेक रुग्णांचा वृत्तांत या परतीच्या चढाचाच असतो. पावसाळ्यात दरडींच्या भयाने हा घाट वाहतुकीस वारंवार बंद ठेवला जातो, तेव्हा तो विषय आपोआप मिटतो. मात्र इतर वाटांवर भातखाचरांतून ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि वळणांवरचे शेवाळ यांमुळे श्रावणात खरचटलेले कोपर आणि तुटलेली कंठास्थी यांचे प्रमाण वाढते. कंठास्थी आपली नव्हे. ती सरळ अस्थिशल्यतज्ज्ञांकडे धाडावी.

या सर्व स्वारांना शर्यतपटू म्हणणे चुकीचे होईल. पुष्कळांचे ध्येय ‘ब्रेव्हे’ हे असते. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या या पद्धतीत क्रमांक नसतात, मुदत असते: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी हजेरी नोंदवावयाची, बाहेरून मदत घ्यावयाची नाही, पंक्चर आपले आपण काढावयाचे. या मालिकेतून पुढे गेलेले काही मराठी स्वार दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या प्रवासाला जाऊन आले आहेत. ज्यांना स्पर्धाच हवी, त्यांच्यासाठी पुणे-गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ आहे. आणि वैद्यकीय व्यवसायाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण करणारे नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन हे बंधू डॉक्टर आहेत, आणि २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण करणारे नागपूरचे अमित समर्थ हेही डॉक्टरच. पुढे जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही सुमारे ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुणे जिल्ह्यात झाली. परदेशी स्वार आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून वाऱ्यासारखे जाताना गावोगावच्या मुलांनी पाहिले. तेव्हापासून ‘डॉक्टर, मला शर्यतीत उतरायचंय’ म्हणणारे तरुण आमच्याकडे येऊ लागले आहेत. प्रस्तुत लेखाचे खरे प्रयोजन हे तरुण आहेत.

अर्धशक्तीचा प्रश्न

आपल्या शास्त्राची व्यायामविषयक मर्यादा सर्वांना पाठ आहे. बलाच्या अर्ध्यापर्यंत व्यायाम करावा. ललाटावर, नासिकेवर, कक्षेत घाम आला, मुखाने श्वास सुरू झाला, मुख कोरडे पडले की थांबावे. तीही मर्यादा बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यांना शीत आणि वसंत ऋतूंत. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. या कसोटीवर पाबे घाटाचा पहिलाच वळसा नापास होतो! वाग्भटांनी अतिव्यायाम करणाऱ्याला हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. वरंधच्या परतीच्या चढावर मी हा सिंह प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याने सायकल कठड्याला टेकवली होती आणि तो रस्त्याच्या कडेला आडवा पडला होता.

मग आपण या मंडळींना ‘करू नका’ म्हणावे काय? माझे मत स्पष्ट आहे: म्हणून उपयोग नाही, आणि शास्त्राचाही तो अभिप्राय मला वाटत नाही. अर्धशक्ती ही स्वस्थाच्या दिनचर्येची मर्यादा आहे. मल्ल, धनुर्धर, दूत, सैनिक हे त्या काळीही अर्धशक्तीच्या पलीकडे जात होते आणि वैद्य त्यांची चिकित्सा करीत होते. शिवाय बल ही स्थिर राशी नव्हे. सहा महिने क्रमाक्रमाने चढ वाढवत नेणाऱ्या स्वाराचे अर्धे बल हे त्याच्याच पूर्वीच्या पूर्ण बलाइतके होते. अपाय होतो तो क्रम सोडणाऱ्याला: आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम शंभर किलोमीटर जाणाऱ्याला. अतिव्यायामाची जी लक्षणे चरकांनी सांगितली आहेत, श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर, छर्दि, ती मी या मंडळींत एकेक करून पाहिली आहेत, आणि बहुधा याच क्रमभ्रष्ट गटात.

यांतील एका लक्षणाकडे विशेष लक्ष वेधतो. दीर्घ श्रमानंतर दुसऱ्या दिवशी मूत्र चहासारखे काळपट येत असेल, मांड्या दगडासारख्या ताठ व वेदनायुक्त असतील, तर ते ‘उष्णता वाढली’ म्हणून गोखरू-चंदनावर ठेवण्याचे प्रकरण नव्हे. स्नायुपेशी फुटून त्यांतील द्रव्ये वृक्कांवर आघात करीत असतात. त्याच दिवशी रुग्णालय. आणि स्वाराने वाटेत वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या काय, हे अवश्य विचारावे. शरीरातील जलांश घटलेला असताना त्या गोळ्या वृक्कांना अधिकच अपायकारक ठरतात.

खोगीर, मूठ, गुडघा

सायकलस्वाराच्या बहुसंख्य तक्रारींचे निदान नाडीपेक्षा सायकलीकडे पाहून लवकर होते. मी आता रुग्णाला सायकल दवाखान्याच्या दारात आणायला सांगतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस वेदना असेल तर बैठक बहुधा खाली असते. मागच्या बाजूस असेल तर ती बहुधा उंच असते. चढावर मोठ्या दातेरी चाकावर जोर करून मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी पेडल दाबणाऱ्याचे जानुसंधी कुरकुरतात. तोच चढ लहान चाकावर ऐंशी फेऱ्यांनी हलकेपणे चढला तर वेळ फारसा वाढत नाही आणि संधी वाचतात. असे असता केवळ योगराज गुग्गुळाची पुडी बांधून देणे म्हणजे निदानपरिवर्जन सोडून चिकित्सा करणे होय.

करंगळी आणि अनामिका बधिर होणे ही दुसरी नित्याची तक्रार. मुठीवर शरीराचा भार पडून मनगटाच्या आतल्या बाजूची नाडी दबते. हातमोजे, मुठीची जागा बदलत राहणे आणि बैठकीचा पुढे झुकलेला कोन सुधारणे, एवढ्याने बहुतेकांचे काम होते. तिसरी तक्रार रुग्ण संकोचाने शेवटी सांगतो: सीवनीच्या प्रदेशी बधिरता. बस्ती हे त्रिमर्मांपैकी एक. येथे विलंब नको. बैठक बदलेपर्यंत सायकल बंद, हे निक्षून सांगावे. अर्शाच्या हेतूंत चरकांनी विषम व कठीण आसन तसेच हेलकावे देणाऱ्या वाहनांवरील प्रवास सांगितला आहे, तो आजच्या चिंचोळ्या बैठकीला तंतोतंत लागू पडतो. ब्रेव्हेमध्ये वेळ वाचविण्यासाठी मूत्रवेग धरून ठेवण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. वेगविधारणाचा अध्याय त्यांना सोप्या मराठीत सांगितला तर ते मनापासून ऐकतात असा माझा अनुभव आहे.

घर्षणाने होणाऱ्या पिडकांसाठी शतधौत घृत किंवा जात्यादि तेल उत्तम. पण मुळात घामेजलेली चड्डी अंगावर ठेवून मिसळ खात बसण्याची प्रथा बंद झाली पाहिजे.

अभ्यंगाविषयी या वर्गाला वेगळे पटवावे लागत नाही. तेलाने जसा रथाचा आस दृढ व क्लेशसह होतो, तसे अभ्यंगाने शरीर होते, हा चरकांचा दृष्टांत सांगितला, की साखळीला दर आठवड्याला तेल देणारा हा माणूस हसतो आणि त्याला सगळे समजते. फक्त अभ्यंग आदल्या रात्री करावा. सकाळी तेलकट तळव्यांनी घाट उतरताना मूठ आणि गतिरोधक निसटण्याची भीती असते. आणि घाट चढून घामाने भिजलेल्या अंगाने तसेच थंड वाऱ्यात उतरू नये, छातीवर वाऱ्यापासून रक्षण करणारे वस्त्र चढवावे, एवढे प्रवातसेवनाचे तत्त्व सांगितल्यास मानेची जखडण पुष्कळ कमी होते.

श्रमहर गण

सायकलस्वारांच्या भाषेत ‘बाँक होणे’ असा एक प्रयोग आहे. दोनएक तास जोराने चालविल्यावर यकृत-स्नायूंतील शर्करेचा साठा संपत येतो. पाय एकाएकी चालेनासे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, मनात चिडचिड आणि निराशा दाटते. ज्यांनी हे अनुभवले आहे ते सांगतात की त्या क्षणी सायकल दरीत फेकून द्यावीशी वाटते. यावर आधुनिक क्रीडावैद्यक सांगते की दीर्घ श्रमात ताशी ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय-शर्करायुक्त आहार पोटात जात राहिला पाहिजे. त्यासाठी बाजारात परदेशी पाकिटे मिळतात आणि ती स्वस्त नसतात.

आता चरकांचा श्रमहर महाकषाय आठवावा: द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव, षष्टिक. दहांपैकी एक चारोळी सोडली तर सगळी द्रव्ये मधुर फळे, ऊस आणि धान्ये आहेत! म्हणजे श्रमावर ‘शक्तिवर्धक’ रसकल्प न सांगता आचार्यांनी अन्न सांगितले. मी स्वारांना खिशात बी काढलेला खजूर आणि मनुका ठेवावयास सांगतो. साधारण पाच खजुरांत ३० ग्रॅमच्या आसपास शर्करा होते. हंगामात शेजारच्या पुरंदरचे सुके अंजीर आहे. आदल्या रात्री मऊ आंबेमोहोर भात व तूप. पेयात कोकम किंवा लिंबू, साखर आणि सैंधव. नुसते साधे पाणी लिटरमागून लिटर पिणेही घातक, कारण त्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण उतरून भ्रम, छर्दि आणि प्रसंगी बेशुद्धी येते. हे सर्व आपल्या दुकानांत नव्हे तर वाण्याकडे मिळते, याचे दुकानदार बांधवांनी वाईट वाटून घेऊ नये.

विषमुष्टी

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते. गेल्या वर्षी वेल्हे तालुक्यातील एक बावीस वर्षांचा तरुण वडिलांसह माझ्याकडे आला. भातशेती करणारे कुटुंब. मुलगा दोन वर्षे नेटाने सायकल चालवीत होता आणि आठ दिवसांवर निवड-स्पर्धा होती. हाताला मुंग्या येतात, पायांत बळ वाटत नाही, ही तक्रार. शहरातील एका दुकानातून ‘मज्जातंतूंना बळ देणाऱ्या’ आयुर्वेदिक गोळ्या त्याने आणल्या होत्या आणि रोज चार घेत होता. पाकीट त्याने माझ्यापुढे ठेवले. घटकद्रव्यांत बारीक अक्षरांत होते: शुद्ध विषमुष्टी.

‘डॉक्टर, मी सगळी नावं मोबाइलवर बंदीच्या यादीत शोधली. एकसुद्धा सापडलं नाही,’ तो म्हणाला.

सापडणार कसे? यादीत स्ट्रिक्निन आहे. पाकिटावर विषमुष्टी आहे. कुपीलु, कारस्कर, विषतिंदुक, कुचला, कोकणातला काजरा ही एकाच वृक्षाची नावे आहेत हे आपल्याला माहीत, त्याला नाही; आणि त्याच्या बियांत स्ट्रिक्निन असते हेही आपल्यालाच माहीत. हा खेळाडू आणि ती यादी यांच्यामध्ये उभा राहू शकेल असा माणूस वैद्य किंवा औषध-दुकानदार हाच आहे. प्रशिक्षकाला संस्कृत येत नाही आणि उत्तेजकविरोधी अधिकाऱ्याला आपले पर्यायवाची शब्द ठाऊक असतीलच असे नाही.

स्ट्रिक्निनचा खेळातील वापर नवा नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स याला धावता धावता अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडीसह स्ट्रिक्निन पाजले गेले होते. अंतिम रेषेनंतर तो कोसळला. आज ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक म्हणून नोंदलेले आहे. स्पर्धाकाळ सामान्यतः आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो; पण शरीरातील द्रव्य घड्याळ पाहून बाहेर पडत नाही. ‘आमचा कुचला शोधित आहे’ हे उत्तर येथे चालणार नाही. गोमूत्र, दुग्ध, घृत यांनी केलेल्या शोधनाने स्ट्रिक्निनचे प्रमाण घटते, ते नाहीसे होत नाही. नाहीसे झाले असते तर अग्नितुंडीने अग्नी पेटला नसता. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, नवजीवन रस हे कल्प आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहेत आणि योग्य रुग्णाला ते अवश्य द्यावेत. स्पर्धक सायकलस्वार हा तो रुग्ण नव्हे.

इतर द्रव्येही आहेत. तमक श्वासात वापरली जाणारी सोमलता म्हणजे एफेड्रिनचा स्रोत. मूत्रात मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक एफेड्रिन आढळल्यास तो दोष ठरतो. बलेत अत्यल्प एफेड्रिन असल्याचे उल्लेख आहेत; बला तेलाच्या अभ्यंगाची मला चिंता वाटत नाही, घनसत्त्वाच्या कॅप्सूलची वाटते. जातीफलादि चूर्णात भांग आहे, कर्पूर रसात अहिफेन आहे. अतिसार झालेल्या स्वाराला स्पर्धेच्या आदल्या दिवशी यांपैकी काही देणे म्हणजे त्याचा पोटशूळ थांबवून त्याची कारकीर्द थांबविणे. कमलबीजातील हिरव्या अंकुरात हायजेनामाइन नावाचे द्रव्य असते. त्याचे नाव २०१७ पासून यादीत स्वतंत्रपणे आले असून ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. अश्वगंधा, शतावरी, शिलाजीत यादीत नाहीत. मात्र तेथे प्रश्न द्रव्याचा नसून भेसळीचा आहे. संधिवाताच्या बेनामी पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड सापडतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि तोंडावाटे घेतलेली ही औषधे स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत.

या क्षेत्रातील नियम कठोर आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. वैद्याने दिले, दुकानदाराने सांगितले, वनस्पतीजन्य होते, या सबबींनी शिक्षा कदाचित सौम्य होते, दोष पुसला जात नाही. २०११ मध्ये आपल्या महिला रिले-धावपटूंच्या चाचण्यांत ॲनाबॉलिक स्टेरॉइड आढळली. प्रशिक्षकाने आणलेल्या चिनी जिनसेंगमध्ये भेसळ होती असे त्यांचे म्हणणे होते. तरीही २०१२ मध्ये क्रीडा लवादाने त्यांची बंदी वाढवून दोन वर्षांची केली. आपल्याकडे २००५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला (नाडा) २०२२ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला आहे. हौशी म्हणविणारा स्वारही महासंघाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरला की तो या नियमांखाली येतो. एखादे निषिद्ध औषध रोगासाठी खरोखर अनिवार्य असेल तर उपचारार्थ वापराची परवानगी आधी मागता येते. अग्निमांद्यासाठी ती मिळेल अशी आशा करू नये.

त्या तरुणाच्या गोळ्या मी बंद केल्या. मुंग्या सायकलच्या मुठीमुळे होत्या. मूठ दोन बोटे वर घेतली, मनगटाला अभ्यंग-स्वेद दिले, तीन दिवस विश्रांती सांगितली आणि जेवणात भात दुप्पट केला, कारण ‘वजन कमी पाहिजे’ म्हणून त्याने तो सोडला होता. पायांतील बळ कोठे गेले होते हे त्याच्या वडिलांना माझ्याआधी समजले होते. ‘जेवत नाही ओ तो,’ एवढेच ते म्हणाले. स्पर्धेत तो मधल्या घोळक्यात आला. त्याची तपासणी झाली नाही. ती पहिल्या क्रमांकांची आणि चिठ्ठीने निवडलेल्यांची होते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये, म्हणजे विषमुष्टी, भांग, अहिफेन, वत्सनाभ इत्यादी, ज्या कल्पांत आहेत त्यांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना बंधनकारक आहे. दुकानात ती वाचून दाखविण्याचा रिवाज नाही. माझी सूचना इतकीच, की असे कल्प एका वेगळ्या फळीवर ठेवावेत आणि काउंटरवरच्या मुलाला एक प्रश्न शिकवावा: ‘आपण कोणत्या स्पर्धेत भाग घेता का?’ गिऱ्हाइकाने होकार दिला तर त्या फळीवरचे काही न देता त्याला वैद्याकडे पाठवावे. वैद्याने प्रकरणपत्रात व्यवसाय या रकान्याशेजारी ‘क्रीडास्पर्धा’ असा रकाना जोडावा.

वाडाची यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, म्हणून डिसेंबरमध्ये ती पाहणे आवश्यक आहे. मी स्वतःसाठी एक तक्ता केला आहे: डावीकडे कल्पाचे नाव, मग त्यातील शंकास्पद द्रव्य, त्या द्रव्याचे सर्व संस्कृत-मराठी पर्याय, आणि उजवीकडे यादीतील रासायनिक नाव. सध्या त्यात सव्वीस कल्प आहेत आणि तो पूर्ण आहे असा माझा दावा नाही. ज्या सदस्यांना हवा असेल त्यांनी संघटनेच्या कार्यालयात कळवावे; आणि आपल्या भागात चालणारा एखादा कल्प त्यात राहून गेला असेल तर वेष्टनासह तो अवश्य पाठवावा.